लोकार्पणानंतरचा बगीचा



आपल्याकडे संमेलनाध्यक्षाला मान मिळतो. अधिकार आणि पैसा मिळत नाही. तेव्हा शहरातल्या बगीच्यांची बाजू मांडायला मी अगदीच अपात्र नाही. फरक इतकाच, की अध्यक्षाला निदान हार तरी घालतात.

यवतमाळ, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही ले-आऊटमध्ये संध्याकाळी चक्कर मारा. ओपन स्पेसला तारेचे कुंपण असते. आत पेव्हर ब्लॉकची वाट, ग्रीन जिमची चार यंत्रे आणि निधी कोणाचा हे सांगणारा भला मोठा फलक. फलक शाबूत असतो. बोअरची मोटर जळालेली असते, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला असतो आणि फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारत फिरावे लागते.

‘पैसा नाही’ हे सरसकट उत्तर मला मान्य नाही. बांधायला पैसा येतो. आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, नगरोत्थान योजना आहे. २०१५ साली लाखावर वस्तीच्या शहरांसाठी अमृत योजना आली. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या १ लाख १६ हजार होती, म्हणून आपण तीत बसलो. त्या योजनेत हरित जागांसाठी खर्चाच्या फार तर अडीच टक्के रक्कम ठेवता येत होती. तीही उभारणीसाठी. बगीचा करून दिला, की पुढचे नगर परिषदेने बघावे. आणि नगर परिषदेच्या तिजोरीचे काय? जकात होती तोवर हातात स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न होते. १९९९ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. त्यातून पगार भागतात. उरतो मालमत्ता कर, आणि त्याच्या वसुलीबद्दल या सभागृहात मी काही बोलायची गरज नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना जे अनुदान ठरवून दिले, त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेले चाळीस टक्के मोकळे, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचे नाहीत. म्हणजे या पैशातून झाडे लावता येतात, झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याचा पगार देता येत नाही. मग ठेका निघतो. ठेका संपला की नवी निविदा निघेपर्यंत मधले दोन-तीन महिने जातात, आणि ते नेमके मार्च-एप्रिल-मे असले तर लॉनचे काय होते, हे आपण सगळे जाणतो.

याचे मूळ कायद्यात आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात दिवाबत्ती, नाल्या, स्मशानभूमी ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. सार्वजनिक उद्याने ऐच्छिक कर्तव्यांत आहेत. जमले तर करा. हा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री आपल्याच पुसदचे वसंतराव नाईक होते. शेतीवर एवढा जीव असलेला हा माणूस, त्यांच्या काळात १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ उभे राहिले, पण शहरातली हिरवळ मात्र ऐच्छिक राहिली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; तेव्हा गावाबाहेर पाच मिनिटे चालले की रान लागायचे. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे नावानिशी घातली. कायद्यातला ‘ऐच्छिक’ शिक्का मात्र पुसला गेला नाही.

आता नेतृत्वाकडे येतो. मोठ्या महापालिकांत उद्यान अधीक्षक असतो, त्याचा विभाग असतो. आपल्याकडे बगीचा बहुधा बांधकाम नाहीतर आरोग्य विभागाच्या गळ्यात, आणि तोही ‘प्रभारी’ माणसाकडे. पदांच्या आकृतिबंधात ज्याला खुर्ची नाही, त्याच्यासाठी अर्थसंकल्पाच्या बैठकीत भांडणार कोण? त्यात राज्यभरच्या नगर परिषदा २०२२ च्या आसपास प्रशासकांकडे गेल्या आणि निवडणुका व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. या काळात ‘आमच्या वॉर्डातला बगीचा’ म्हणून मुख्याधिकाऱ्याच्या दालनात जाऊन बसणारा नगरसेवकसुद्धा नव्हता. जागांनाही असाच वाली नाही. लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा ही गावे हद्दवाढीत यवतमाळात आली, तशा त्यांच्या ओपन स्पेसही आल्या. कोणती मोकळी आहे, कोणत्या जागेवर सभामंडप चढला आहे, याची यादी प्रत्येक नगर परिषदेने फलकावर लावावी, एवढे तरी मागायला आपण कचरतो. देवळाला विरोध केल्यासारखे दिसेल, ही भीती असते. मी देवभोळा माणूस आहे. तरीही सांगतो, मुलांच्या जागेवर देव बसवू नये.

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क सत्तरच्या दशकात असेच उजाड झाले होते. १९७९ मध्ये तिथे एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या लेखिकेला उद्यानाची प्रशासक नेमले आणि पुढच्या वर्षी देणग्या गोळा करणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. आपल्याकडे हे उदाहरण देताना देणग्यांवर भर देतात. त्या उद्यानाभोवती धनाढ्यांच्या इमारती आहेत, आपल्याभोवती कापसावर जगणारी माणसे आहेत. उचलायचे असेल तर पहिले पाऊल उचलू या: आधी एक जबाबदार माणूस नेमला गेला.

तिकिटाचाही आग्रह होतो. कारंजी, छोटी रेल्वे असलेल्या मोठ्या उद्यानाला ते ठीक. वस्तीतल्या बगीच्याला नको. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून सुटलेली बाई दोन लेकरांना घेऊन फाटकावर पैसे मोजणार नाही, ती परत जाईल.

राहिले पाणी. २०१८ चा उन्हाळा कोणी विसरलेला नाही. निळोणा आणि चापडोह आटले, माणसांनाच पाणी नव्हते, तेव्हा लॉनला कोणी मागावे? म्हणून यवतमाळच्या बगीच्यात लॉन हा हट्टच चुकीचा आहे. कडुनिंब, करंज, बहावा, पळस लावा. दोन-तीन उन्हाळे सांभाळली की ही झाडे आपली आपण जगतात. आणि इथेच जाणता अधिकारी उपयोगी पडतो. वित्त आयोगाच्या पाण्याला बांधलेल्या त्या अनुदानात पाण्याचा पुनर्वापर बसतो, स्वच्छतेच्या भागात ओल्या कचऱ्याचे खत बसते. हे दोन्ही बगीच्याकडे वळवायला नवा रुपया लागत नाही. कोणता खर्च कोणत्या शीर्षात बसतो हे माहीत असलेला माणूस लागतो. वणीकरांसाठी आणखी एक दार आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या प्राधान्यक्रमात पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण आहे. कोळशाची धूळ अडवणारा झाडांचा पट्टा त्यात मागता येईल.

तेव्हा या संमेलनाने ठराव दोनच करावेत, असे मी सुचवतो. प्रत्येक नगर परिषदेच्या आकृतिबंधात उद्यानाचे एक तांत्रिक पद, उद्यानविद्येची पदवी घेतलेल्याचे. आणि पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात दाखवल्याखेरीज नव्या बगीच्याला मंजुरी नाही. दुसऱ्या ठरावाने काही लोकार्पणे लांबतील आणि काही पाहुणे नाराज होतील, हे मी धरून चाललो आहे. मसुदा माझ्याजवळ तयार आहे. दुपारच्या सत्राला लेखा विभागातली मंडळी आहेत. देखभालीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायची, तेवढी जागा मी त्यांच्यासाठी कोरी ठेवली आहे.