मोहाच्या बुंध्याशी

मागच्या भादव्यात आमच्या बचत गटातल्या आम्ही अकरा जणी वनरक्षक ताईंबरोबर जंगलात गेलो, झाडांचे रोग ओळखायला.

सुरुवातीलाच सागाची पाने जाळीसारखी झालेली दिसली. "झाड गेलं," आम्ही म्हणालो. ताई हसल्या. ही अळीची करणी. शिरा ठेवते, मधले खाते. सागाला पुन्हा पालवी फुटते.

पुढे मोहाच्या फांदीवर हिरवागार झुपका होता. आम्हाला तीच फांदी सगळ्यात तजेलदार वाटली! ते निघाले बांडगूळ. पक्षी त्याची फळे खातात, चिकट बी फांदीला लागते, तिथेच रुजते आणि झाडाचे पाणी पिते. नुसता झुपका ओरबाडला तर परत फुटतो. आपल्या बांधावरच्या झाडाला असेल तर फळे धरण्याआधी, चिकटल्या जागेच्या खालून फांदीच कापावी.

बोलती बंद झाली ती जुन्या मोहापाशी. बुंध्याची एका बाजूची साल काळी, आत पोकळ, खाली फळीसारखी कडक अळंबी. ती बाहेर दिसते तेव्हा आतले लाकूड कधीचेच कुजू लागलेले असते. "ही जखम कशाने झाली?" ताईंनी विचारले. कोणी बोलेना. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो तो आम्हीच. साल भाजते, तिथून बुरशी शिरते.

यंदा आम्ही पाला झाडून बाजूला केला, काहींनी जुनी लुगडी अंथरली. वेळ जास्त गेला, कंबरही दुखली. पण फुलांत राख नव्हती.