कुंडीतला झेंडू आणि दसऱ्याची तारीख



दसऱ्याचं तोरण आपण चार दिवसांनी उतरवतो. फेकायला जीव होत नाही, म्हणून वाळकी फुलं गॅलरीतल्या एखाद्या कुंडीत चुरडतो आणि पुढच्या आठवड्यात तिथं झेंडू उगवतो. फुकट. झेंडूची कुंडी विकायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रतिस्पर्धी हा असा गिऱ्हाइकाच्या घरातच असतो. मी नर्सरी सुरू केली तेव्हा आमच्या आईनं हेच विचारलं होतं, "झेंडू कुणी विकत घेतं का रे?" उत्तर सापडायला मला दोन दसरे लागले.

पहिल्या दसऱ्याला मी फूल बघून बी निवडलं. शेतात लावतात तो उंच नारंगी झेंडू. मुठीएवढं फूल, गच्च पाकळ्या. सहा इंची कुंडीत लावला. घटस्थापनेपर्यंत झाडं दोन फुटांवर गेली. टेम्पोत भरली आणि पहिल्याच गतिरोधकाला एकमेकांच्या अंगावर आडवी झाली. या झेंडूची फांदी बगलेतून कट्‌कन तुटते, हे त्या दिवशी कळलं. उरलेल्यांतली एक कुंडी एका बाईंनी उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. "फूल छान आहे हो, पण हे ठेवू कुठं?"

वाणाची निवड या प्रश्नापासून सुरू होते. हाराचा झेंडू किलोवर जातो. तिथं पुसा नारंगी, पुसा बसंती यांसारख्या वाणांची उंची आणि पसारा हा गुणच आहे, कारण जास्त फांद्या म्हणजे जास्त तोडे. कुंडीत मात्र आपण फूल विकत नाही, अख्खं झाड विकतो, आणि तेही खिडकीच्या जाळीत मावणारं. झाड कुंडीच्या उंचीच्या दुपटीवर गेलं की ते डोळ्यालाही खटकतं आणि वाऱ्यानं कलंडतंही.

बाजारात दोन जाती आहेत. मोठ्या फुलाचा तो आफ्रिकन आणि छोट्या फुलाचा तो फ्रेंच, ज्याला कोकणात काही ठिकाणी मखमल म्हणतात. नावांवर जाऊ नका, दोघांचंही माहेर मेक्सिकोकडचं. आफ्रिकनमध्ये ठेंगणे संकरित वाण आहेत: इंका, अँटिग्वा, ताइशान. ही झाडं साधारण फुटाच्या आत-बाहेर राहतात. ताइशानचा दांडा जाड असतो, प्रवासाला तो बरा. फ्रेंचमध्ये बोनान्झा, डुरँगो, जेनी. हे वीतभर किंवा थोडे जास्त वाढतात आणि शेंडा न खुडताच बुडापासून फुटतात. तांबडा, किरमिजी रंग हवा असेल तर तो फ्रेंचमध्येच. आफ्रिकन पिवळ्या-नारंगीच्या पलीकडे फारसा जात नाही. पांढऱ्यासाठी अमेरिकेत बर्पी नावाच्या बियाणेवाल्यानं दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते १९७५ साली आयोवातल्या ॲलिस व्हॉन्क या बागकाम करणाऱ्या बाईंना मिळालं. आपल्याकडे दारावर पांढरा झेंडू कोण लावणार, हा प्रश्न वेगळा!

आता जे पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं ते सांगतो. आफ्रिकन झेंडू दिवस मोजतो. दिवस लहान असेल तर तो लवकर कळी धरतो. दिवस मोठा असेल तर आधी उंच होतो, कळी मागाहून. पुण्याकडे जूनअखेरीस दिवस तेरा तासांवर असतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास येतो. त्यामुळं एकाच पाकिटातलं बी जुलैत पेरलं तर वरून ढग, खालून लांब दिवस, आणि ठेंगणा म्हणून घेतलेला वाणही मान लांब करतो. तेच बी नोव्हेंबरात टाकलं तर झाड बोटभर असतानाच कळी येते आणि कुंडी रिकामी दिसते. म्हणून थंडीच्या मालाला मी आफ्रिकनमधला जरा अंगानं भरणारा वाण घेतो, आणि पावसाळी मालाला सगळ्यात बुटका. फ्रेंचला दिवसाचं एवढं सोयरसुतक नाही. नवशिक्यानं पहिल्या वर्षी तीन वाटे फ्रेंच आणि एक वाटा आफ्रिकन लावावा, असं माझं मत आहे. शिवाय परतीचा पाऊस. आफ्रिकनच्या गच्च फुलात पाणी साठतं आणि फूल आतून कुजतं. वरून पिवळं, दाबलं की चिखल. फ्रेंचमधली एकेरी, मोकळ्या पाकळ्यांची फुलं पाणी झटकून टाकतात.

काहीजण उंच वाणावरच वाढ रोखणारं औषध मारतात. झाड नर्सरीत गोजिरं दिसतं, पण औषधाचा जोर ओसरला की गिऱ्हाइकाच्या घरी ताडमाड वाढू लागतं. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोरणच कुंडीत चुरडतं. बुटकेपणा बियात असावा, पंपात नसावा.

आणि तारीख. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक! मागच्या वर्षीच्या वहीतली पेरणीची तारीख यंदा तशीच उचलली तर माल एक तर आधी फुलून निबर होतो, नाही तर दसऱ्याला नुसत्या कळ्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळं दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आपल्या हवेत ठेंगण्या आफ्रिकनला पेरणीपासून विक्रीपर्यंत साधारण दहा आठवडे धरावेत, फ्रेंचला सात-आठ. म्हणजे दसऱ्याचा आफ्रिकन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रोट्रेमध्ये, फ्रेंच ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दिवाळीचा माल त्यानंतर अडीच आठवड्यांनी. कुंडीवर एक फूल उमललेलं आणि चार कळ्यांना रंग आलेला, एवढ्यावर ती गाडीत चढवा. पूर्ण फुललेली कुंडी बाजारात सुंदर दिसते, पण तिचा सण नर्सरीतच होऊन गेलेला असतो. आणि आपल्या संकरित झाडाचं बी धरून ठेवू नका. पुढच्या पिढीत कुणी आजोबांएवढं उंच होतं, कुणी मामांएवढं.

इथं मंचाजवळच्या टेबलावर मी तीन कुंड्या ठेवल्या आहेत. तिन्हींचं बी एकाच दिवशी पेरलेलं. डावीकडचा शेतातला उंच वाण, काठीला बांधलाय, अजून कळीसुद्धा नाही. मधला ठेंगणा आफ्रिकन, कळ्या भरल्यात. उजवीकडचा फ्रेंच गेले दहा दिवस फुलतोय. जाताना जवळून बघा, हवं तर दांडे दाबून बघा. पाणी मात्र कुणी घालू नका, सकाळीच घातलंय.