काम बाहेर देण्याचा धंदा

‘आउटसोर्सिंग’ हा शब्द अलीकडे फार कानांवर येतो. बँकेत फोन करावा, तर उत्तर देणारा माणूस पुष्कळदा बँकेचा नोकरच नसतो. आपल्या धंद्यातले एखादे काम, स्वतःचे नोकर न ठेवता, ठरीव मोबदल्यात बाहेरच्यांकडून करवून घेणे, एवढाच या शब्दाचा अर्थ. शब्द नवा खरा. गोष्ट मात्र आपल्याकडे जुनीच आहे.

सोलापूरच्या विडीचेच पाहा ना. कारखानदार तेंदूपत्ता व तंबाखू देतो. बाई तो माल घरी नेते, पाने भिजवते, कापते, विड्या वळून दोऱ्याने बांधते आणि कारखान्यात नेऊन देते. मजुरी दर हजार विड्यांमागे. कारखानदाराची जागा वाचते, दिवाबत्ती वाचते. मागणी उतरली की पाने कमी दिली म्हणजे झाले. बाईलाही घर सांभाळून, पोराकडे लक्ष ठेवून चार पैसे मिळतात. तेव्हा हा सौदा अगदीच एकतर्फी आहे, असे मी म्हणणार नाही.

पण पाने फाटकी निघाली, की विड्या कमी भरतात. मग ती तूट बाईने पदरची पाने विकत घेऊन भरून काढायची! तपासणाऱ्याने ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला काढल्या, की त्यांची मजुरी बुडाली. घरभर तंबाखूची धूळ उडते ती वेगळीच. बरे, दाद मागावी कोणाकडे? कारखानदार सांगणार, ‘तिला माल ठेकेदाराने दिला, ती माझी कामगार कशी?’

या पळवाटेला १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांच्या कायद्याने आडकाठी घातली. माल ठेकेदाराच्या हातून का मिळेना, घरी विड्या वळणारी बाईही कामगारच, असे त्यात स्पष्ट घातले. कारखानदार कोर्टात गेले; १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. कागदावरचा हक्क प्रत्येकीच्या घरी लगेच पोचला, असे मात्र समजू नका.

आता हे तुम्हांला कशाला सांगायचे? तर उद्या तुमचा दूधसंघ नाहीतर शाळा एखादे काम बाहेर द्यायला निघेल. ‘किती पैसे वाचतील’ याचा हिशेब सभेत कोणीतरी मांडीलच. तुम्ही उठून एवढे विचारा, की माल बिघडला तर तूट कोणी सोसायची, आणि काम करताना कोणाचा हात मोडला तर त्याने दार कोणाचे ठोठवायचे. आणि उत्तर करारात लिहून घ्या.