कुत्रें कोणाचें ?



बिलोलीसारख्या तालुक्याच्या गांवीं सकाळीं कोणत्याहि गल्लींतून फेरी मारली, तर एखाद्या तरी दारापुढें कुत्रें अंग मुडपून पडलेलें दिसतें. "हें कोणाचें ?" असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : "कोणाचें म्हणजे ? गल्लीचें." रात्रीची उरलेली ज्वारीची भाकर एक घर घालतें, ताक-कण्या दुसरें घर घालतें, उन्हाळ्यांत पाण्याचें फुटकें मडकें तिसरें घर ठेवतें. बिलोली हें तेलंगणाच्या सीमेलगतचें गांव. त्यामुळें त्याच प्राण्याला एका घरांत कुत्रें, दुसऱ्यांत कुत्ता आणि तिसऱ्यांत कुक्क म्हणतात, व तो प्राणी तिन्ही भाषांतील हाक ओळखतो. पण त्याच कुत्र्यानें एखाद्या दिवशीं शाळेस निघालेल्या मुलाची पोटरी धरली, म्हणजे विलक्षण चमत्कार होतो. सकाळीं ज्याला तीन घरें होतीं, त्याला दुपारीं एकहि घर उरत नाहीं. "आमचें कुठें आहे तें ? गल्लीचें आहे !" वाक्य तेंच, पण अर्थ पार उलटलेला. दया करावयाची तेव्हां गल्ली म्हणजे आपण. जबाब द्यावयाचा तेव्हां गल्ली म्हणजे दुसरे.

या प्रश्नावर चहाच्या टपरीवर चार मतें हटकून ऐकूं येतात. एकजण म्हणतो, नगरपालिकेनें सारीं कुत्रीं धरून मारून टाकावींत. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला मारण्याचा अधिकार सरकारला कोणीं दिला ? तिसरा व्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढें करतो : माझी भाकर, माझें दार, ती मीं कोणाला घालावी हें सांगणारे तुम्ही कोण? चौथा वेदान्ती असतो. चावणारा आत्मा तोच आणि चावला गेलेला आत्माहि तोच, असें सांगून तो शांतपणें पेला खालीं ठेवतो. त्याला स्वतःला अद्याप कुत्रें चावलेलें नसतें.

हा वाद आजचा नव्हे. 1832 सालच्या जून महिन्यांत खुद्द मुंबई शहरांत याच वादावरून दंगल पेटली. उन्हाळ्यांत मोकाट कुत्रीं मारावीं असा कंपनी सरकारचा नियम होता, आणि मारलेल्या दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. त्या वर्षीं ही मुदत जूनपर्यंत वाढविण्यांत आली. आठ आण्यांच्या लोभानें शिपाई कोणाचें कुत्रें आणि कोणाचें नव्हे हें पाहत नाहींसे झाले. घरच्या कुत्र्यांवरहि हात पडूं लागला, अशी लोकांची तक्रार होती. 6 जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस. त्या दिवशीं कोटाच्या आसपास कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर लोक तुटून पडले. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला, कुलाब्याच्या लष्करी छावणीस जाणारें अन्नपाणी अडविण्यांत आलें, आणि अखेर सरकारला फौज बाहेर काढावी लागली. पुढाकार पारशांचा खरा, परंतु हिंदु, जैन आणि मुसलमानहि त्यांत सामील होते. शेवटीं धरपकड झाली. पण कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडण्याची तोडहि सरकारला मान्य करावी लागली.

पारशी समाज एवढा कां खवळला, हें समजून घेण्यासारखें आहे. त्यांच्या धर्मांत कुत्र्याचें स्थान उंबरठ्याच्या आंत आहे. मनुष्य मृत झाल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा सगदीद नांवाचा विधि त्यांच्यांत आहे. कुत्र्यावांचून अंत्यकर्म पुरें होत नाहीं. इतरांची गोष्ट निराळी आहे. हिंदु घरांत कुत्र्यानें शिवलेला नैवेद्य टाकून देतात, पण वैश्वदेवाच्या वेळीं श्वानासाठीं बलि काढून ठेवण्यास विसरत नाहींत. मुसलमान घरांत कुत्र्यानें तोंड लावलेलें भांडें सात वेळां धुण्याचा दंडक आहे, आणि त्याच परंपरेंत तहानेनें व्याकुळ झालेल्या कुत्र्यास विहिरीचें पाणी काढून पाजल्यामुळें पाप्यास क्षमा मिळाल्याची कथाहि आहे. दोन्ही घरांचा रिवाज पाहिला तर एकच दिसतो : कुत्रें आंत नको, पण बाहेर उपाशीहि नको. आपल्या गल्लीचें कुत्रें या रिवाजांतून जन्मास आलें आहे. तें ना पाळीव, ना रानटी. आपली दया उंबरठ्यापर्यंत येते आणि तेथें थांबते.

कायद्याला मात्र असा अर्धा मालक ठाऊक नाहीं. त्याला एक तर मालक हवा, नाहीं तर बेवारशी माल हवा. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाची जत्रा भरते. तेथें घोडीं, गाढवें, लाल कंधारी बैल आणि चांगल्या वाणाचीं कुत्रींहि येतात. तेथें घेतलेल्या जनावराचा मालक कोण, हा प्रश्न उद्भवत नाहीं. पैसे मोजले तो मालक. 1860 च्या दंडसंहितेची दृष्टि याहून फारशी वेगळी नव्हती. दहा रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीचें जनावर मारणें हा तिच्या एका कलमाचा गुन्हा; हत्ती, उंट, घोडा, गाय, बैल यांची किंमत कांहींहि असो, आणि इतर जनावर पन्नास रुपयांचें असेल, तर शिक्षा अधिक. गल्लीच्या कुत्र्याची किंमत कोणी काय सांगावी ? 1 जुलै 2024 पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या 325 व्या कलमांतून ही रुपयांची अट गेली. कोणतेंहि जनावर मारणें, त्यास विष घालणें किंवा लुळेंपांगळें करणें यास आतां पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तथापि तें कलम अजूनहि मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणांतच बसलेलें आहे, ही गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे.

मालकाच्या घरांत शिरणारा कायदा 1960 चा. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम त्याचें नांव. कुत्र्यास नेहमीं सांखळीनें बांधून ठेवून त्यास हिंडूंफिरूं न देणें, हाहि त्याअन्वयें छळ ठरतो, हें कित्येक सुशिक्षित घरांस ठाऊक नसतें. पहिल्या गुन्ह्यास त्यानें दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये; म्हणजे कायद्यानें डोळे वटारले, पण हात उगारला नाहीं. पिंजऱ्यांतील पोपटाची कथा याहून निराळी. "विठू विठू" म्हणणारा तो हिरवा पक्षी 1972 च्या वन्यजीव अधिनियमाच्या छत्राखालीं येतो, आणि त्याला घरीं कोंडून ठेवणें हा गुन्हा आहे. ओसरीवर पिंजरा टांगलेल्या किती आजीबाईंना हें सांगण्याचें धैर्य कोणी करील, हा प्रश्न वेगळा.

येथें तिसऱ्या मताचा गृहस्थ उठून विचारील, मग माझ्या स्वातंत्र्याचें काय ? त्याला उत्तर देण्यास स्वातंत्र्याचा मोठा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल हाच पुरेसा आहे. दुसऱ्यास इजा होत नसेल तोंवर मनुष्याच्या आचरणांत समाजानें हात घालूं नये, हें तत्त्व त्यानें 1859 सालीं मांडलें, आणि आपल्याकडे आगरकरांच्या पिढीनें तें आवडीनें वाचलें. परंतु याच मिलनें 1848 मध्यें, आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत, लहान मुलांच्या रक्षणासाठीं कायद्यानें मध्यें पडण्यास जीं कारणें आहेत तींच जनावरांनाहि लागू आहेत, असें स्पष्ट लिहून ठेविलें. म्हणजे "माझें जनावर, माझी मर्जी" या वाक्याला त्याचा पाठिंबा नाहीं. आणि "माझी भाकर, माझी मर्जी" या वाक्याला तरी कितीसा आहे ? भाकर घालणाऱ्याच्या दारीं पांच कुत्रीं जमतात. त्यांच्यामधून दप्तर घेऊन जाणारें मूल शेजाऱ्याचें असतें.

हाच प्रश्न 2022 सालीं नागपुरास न्यायालयापुढें उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्या वर्षीं ऑक्टोबरांत असा हुकूम दिला कीं, ज्यांना मोकाट कुत्र्यांस खाऊं घालावयाचें असेल त्यांनीं तीं रीतसर दत्तक घ्यावींत, महानगरपालिकेकडे नोंदवावींत आणि आपल्या घरीं खाऊं घालावें. अर्ध्या मालकांस पुरे मालक करण्याचा हा प्रयत्न होता. लागलीच नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. खाऊं घालणाऱ्यावर दत्तक घेण्याची सक्ती करतां येणार नाहीं, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें. दोन्ही न्यायालयांचें म्हणणें आपापल्या परी रास्त वाटतें, आणि तेथेंच खरी अडचण आहे. दयेचें काम करणाऱ्यावर सक्ती केली तर दया आटते; न केली तर चाव्याचा धनी कोणी उरत नाहीं.

आपल्या पुराणांनीं ही अडचण ओळखली नव्हती असें नाहीं. महाभारताच्या आरंभींच एका कुत्र्याची फिर्याद आहे. जनमेजयाच्या यज्ञांत सरमेच्या पिलास राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. निरपराध्यास कां मारलें, हा सरमेचा सवाल, आणि राजापाशीं उत्तर नव्हतें. त्याच ग्रंथाच्या शेवटीं युधिष्ठिर एका कुत्र्यासाठीं स्वर्गाच्या रथांत बसण्याचें नाकारतो. तें कुत्रें त्यानें पाळलेलें नव्हतें. वाटेनें आपण होऊन मागें आलें होतें. तरी "हें वाटेचें आहे" असें म्हणून तो मोकळा झाला नाहीं. आणि हिंगोलीजवळच्या नर्सीचे नामदेव तर या भागाचेच. कुत्र्यानें पोळी पळविली तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा घरोघर सांगतात. ती सांगणारे आपण तुकडा टाकतों आणि दार लावून घेतों.

हें सारें तत्त्वज्ञान ज्या दगडावर आपटतें तो दगड म्हणजे जलसंत्रास, ज्यास आज सर्वजण रेबीज म्हणतात. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी वांचणें जवळ जवळ अशक्य. उलट, लक्षणें दिसण्यापूर्वीं लस वेळेवर टोंचली तर मृत्यु टळतो, हें पाश्चर यानें 1885 सालीं एका नऊ वर्षांच्या मुलावर लस टोंचून दाखवून दिलें. दंश आणि लक्षणें यांमध्यें बहुधा कांहीं आठवड्यांचा किंवा महिन्यांचा अवधि मिळतो, आणि मुलाचें आयुष्य त्या अवधींत असतें. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक दवाखाना गांठावा. पण अजून कित्येक घरांत जखमेंत तिखट किंवा चुना भरतात, मांत्रिकाकडे जातात, आणि "पोटांत चौदा सुया टोंचतात" या जुन्या धास्तीनें दवाखाना टाळतात. ती लस बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आतां दंडांत चार-पांच वेळां टोंचून भागतें. आणखी एक गोष्ट : बारीकसा ओरखडा मुलें घरीं सांगतच नाहींत, कारण कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसण्याची त्यांना भीति असते.

2025 सालीं हा वाद पुन्हां राष्ट्राच्या राजधानींत पेटला. 11 ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचीं मोकाट कुत्रीं धरून आश्रयस्थानांत ठेवण्यास सांगितलें. 22 ऑगस्ट रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो हुकूम सौम्य केला. नसबंदी करून व लस टोंचून कुत्रें होतें तेथेंच सोडावें, पिसाळलेलें किंवा अंगावर धांवणारें मात्र सोडूं नये, आणि खाऊं घालावयाचें तें रस्त्यावर कोठेंहि नव्हे, तर नेमून दिलेल्या जागींच, असें ठरलें. 7 नोव्हेंबरच्या हुकुमानें शाळा, दवाखाने, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें येथून कुत्रीं हलविण्यास सांगितलें. 1832 मध्येंहि "मारूं नका, दूर नेऊन सोडा" येथवर तडजोड आली होती. परंतु एक भाग रिकामा केला कीं शेजारच्या भागांतील कुत्रीं तेथें येतात, हा अनुभव शहरोशहरीं आला आहे, आणि म्हणूनच जागच्या जागीं नसबंदी व लस ही रीत 2001 च्या नियमांत आणि पुढें 2023 च्या नियमांत घातली गेली.

मोठ्या शहरांत यासाठीं दवाखाने, गाड्या आणि मंडळ्या असतात. बिलोलीसारख्या गांवीं गल्ली हीच मंडळी. भाकर घालणारीं घरें कोणतीं हें गल्लींत सर्वांना ठाऊक असतें. कुत्र्यांची संख्याहि पोरांना तोंडपाठ असते, आणि कोणतें कुत्रें कोणाच्या हातून निमूटपणें दोरी घालून घेतें, हेंहि त्यांनाच विचारावें. जनावरांच्या डॉक्टरांस वर्षांतून एकदां गल्लींत बोलावून सर्वांना लस टोंचून घेण्यास लागणारा खर्च चार-सहा घरांत वांटला तर एका सणाच्या गोडधोडाहून अधिक पडणार नाहीं. लस टोंचल्याची तारीख कोणाच्या दाराच्या चौकटीवर लिहावयाची, हें ठरविण्यास मात्र गल्लीला एका संध्याकाळीं एकत्र बसावें लागेल, आणि त्या बैठकीस टपरीवरच्या चौघांनाहि बोलवावें लागेल.