पाइपलाइनचे पोट साफ, तर रानाला पाणी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. खंडेनवमीला विळा, कोयता, नांगर, तिफण धुऊन पुसून पूजेला मांडतो. अलीकडे पाण्याच्या मोटारीलाही हार पडतो. पण त्या मोटारीपासून रानापर्यंत जमिनीखालून जो नळ गेलेला असतो, त्याची आठवण कुणालाच होत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही ना! पाणी येणे कमी झाले, की मगच तो आठवतो. आज आपल्याला बोलायचे आहे ते या न दिसणाऱ्या नळाच्या पोटाबद्दल. ते कशाने भरते आणि ते साफ करायची साधने कोणती, हे पाहू.

राणीसावरगाव आणि गंगाखेड तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग बालाघाटच्या डोंगररांगांत येतो. रान चढउताराचे, विहीर एकीकडे आणि शेत दुसरीकडे. त्यामुळे लांबच लांब पाइपलाइन टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. कुणी विहिरीचे पाणी आणतो, कुणी बोअरचे, कुणी तलावाचे. पाइपलाइनवर पैसा एकदाच पण भरपूर खर्च होतो. थ्री फेज वीज मिळते ती ठरावीक तासच. त्या तासांत जेवढे पाणी रानात पडेल तेवढेच आपले. म्हणून नळ आतून अरुंद झाला, तर नुकसान सरळ पिकाचे होते.

हे नुकसान किती होते, ते हिशेबाने पाहा. समजा, नळ आतून ७५ मिलिमीटरचा आहे आणि त्याला चारी बाजूंनी ५ मिलिमीटरचा खार धरला. आता पोकळी राहिली ६५ मिलिमीटरची. वरवर पाहता फरक थोडा दिसतो. परंतु तेवढेच पाणी त्या नळातून ढकलायचे म्हटले, तर घर्षणाचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. मोटार तीच, वीज तेवढीच, आणि पाणी मात्र कमी. ‘मोटार म्हातारी झाली’ असे म्हणून आपण नवी मोटार आणतो. दुखणे नळाच्या पोटात आणि औषध मोटारीला, असा हा प्रकार होतो.

आधी दुखणे ओळखा

पाणी कमी येते म्हणजे नळच तुंबला, असे लगेच समजू नका. विहिरीची पातळी खाली गेली असेल, फूट व्हॉल्व्हला कचरा अडकला असेल, पंखा झिजला असेल किंवा वाटेत कुठे गळती असेल. हे ओळखायला एक स्वस्त साधन आहे. मोटारीच्या पुढे नळावर दाबमापक, म्हणजे प्रेशर गेज बसवून घ्या. शेवटच्या तोंडाला पाणी कमी येते आणि गेजचा काटा नेहमीपेक्षा वर चढलेला आहे, तर पाण्याला पुढे वाट नाही. नळ आतून भरला आहे किंवा एखादा कॉक अर्धवट बंद आहे. पाणीही कमी आणि काटाही खाली, तर गळती शोधा, नाहीतर पंप तपासा.

दुसरी गोष्ट, लाइन चांगली चालू असतानाच तिचे माप घेऊन ठेवा. शेवटच्या तोंडाखाली २०० लिटरचे पिंप ठेवा आणि किती सेकंदांत भरते ते मोजा. तो आकडा आणि गेजचा आकडा तारखेसह मोटारघराच्या भिंतीवर रंगाने लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. भिंतीवरचे हे दोन आकडे अंदाजापेक्षा जास्त खरे बोलतात.

नळात साचते काय?

नळातली घाण चार प्रकारची असते. पहिली गाळ आणि वाळू. पावसाळ्यात तलावाचे, ओढ्याचे गढूळ पाणी उचलले की हा गाळ सखल जागी बसतो. दुसरी शेवाळ आणि बुळबुळीत थर. उघड्या विहिरीचे आणि तलावाचे पाणी असेल तेथे हा थर हमखास येतो. तिसरा खार. आपल्याकडे काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. चहाच्या पातेल्यात जी पांढरी खपली धरते, तीच नळात धरते. चौथी बाहेरून शिरलेली वस्तू. पालापाचोळा, बेडूक, गोगलगाय, आणि सिमेंटच्या जुन्या नळात सांध्यातून घुसलेल्या झाडांच्या मुळ्या.

घाण कोणती ते कळले की साधन ठरते. गाळाला पाण्याचा जोर, शेवाळाला बोळा आणि क्लोरीन, खाराला आम्ल, मुळ्यांना काठी. सगळ्यांवर एकच औषध चालत नाही.

पहिले साधन: पाण्याचा जोर

सर्वांत सोपे आणि बिनखर्ची साधन म्हणजे धुलाईचे तोंड. लाइनच्या शेवटी आणि प्रत्येक सखल जागी एक कॉक ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा मधली सगळी तोंडे बंद करा आणि हा कॉक पूर्ण उघडून पाणी जोरात सोडा. आधी गढूळ पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत चालू द्या. मात्र पाण्याला वेग हवा, सेकंदाला सुमारे एक मीटर. ७५ मिलिमीटरच्या नळात एवढा वेग असला, तर २०० लिटरचे पिंप पाऊण मिनिटात भरते. त्याहून फार वेळ लागत असेल, तर गाळ जागचा हलणार नाही.

दुसरे साधन: दोरीचा बोळा

छोट्या आणि सरळ तुकड्याला हा जुना उपाय चांगला. नायलॉनची बारीक दोरी प्लास्टिकच्या हलक्या पिशवीला बांधा आणि पाण्याच्या धारेबरोबर नळात सोडा. पिशवी दोरी घेऊन पलीकडे निघते. मग त्या दोरीने जाड दोर ओढून घ्या. दोराच्या मध्यभागी गोणपाटाचा घट्ट बोळा बांधा आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ओढा. दोर दोन्ही टोकांनी आपल्या हातात असतो, म्हणून बोळा अडकला तरी मागे घेता येतो. बोळ्याला तार किंवा खिळे लावू नका. पीव्हीसी नळाला आतून ओरखडे पडतात आणि तेथेच नळ पुढे फुटतो.

तिसरे साधन: फोमचा गोळा

लांब लाइनला दोर पुरत नाही. तेथे गोळा पाण्यानेच ढकलायचा. ही युक्ती नवी नाही. मोठमोठ्या तेलवाहिन्या याच रीतीने साफ करतात. मुंबई हायचे तेल १९७८ पासून समुद्राच्या तळावरून नळाने उरणला येऊ लागले. त्या तेलात मेण असते. ते थंड नळाच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाट अरुंद करते. म्हणून नळात ठरावीक काळाने एक साधन सोडतात. मागून येणारे तेलच त्याला पुढे रेटते आणि ते मेण खरवडत जाते. या साधनाला इंग्रजीत ‘पिग’, म्हणजे चक्क डुक्कर म्हणतात! नळातून जाताना ते डुकरासारखे किंचाळते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आता तर नळाची भिंत कुठे गंजून पातळ झाली, याची चुंबकाच्या साहाय्याने नोंद ठेवणारे पिगही निघाले आहेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात तर बर्फाच्या लगद्याने नळ साफ करण्याची रीत शोधून काढली. लगदा वाकणातून सहज वळतो आणि अडकलाच, तर वितळून जातो.

आपल्याला एवढी मोठी यंत्रे लागत नाहीत. आपले काम मऊ फोमच्या गोळ्यावर भागते. त्याची रीत अशी:

गोळा नळाच्या आतल्या मापापेक्षा सुमारे चतुर्थांश जाड कापा. ७५ मिलिमीटरच्या नळाला ९० ते ९५ मिलिमीटर. लांबी जाडीच्या दीडपट ठेवा. फोम हाताने सहज दबला पाहिजे. आधी लाइन जोराच्या पाण्याने धुऊन घ्या. मधली सगळी तोंडे बंद करा, नाहीतर गोळा भलत्याच फाट्यात शिरेल. शेवटचे तोंड मात्र पूर्ण उघडे ठेवा. मोटारीच्या पुढे, नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या पलीकडे जेथे फ्लँज किंवा युनियन आहे, तेथे जोड उघडून गोळा आत दाबा आणि जोड परत बसवा. मग मोटार चालू करून कॉक हळूहळू उघडा. गोळ्याने माणसाच्या चालीने जावे. म्हणजे ३०० मीटरच्या लाइनमधून तो पाचेक मिनिटांत बाहेर येईल. किती गोळे आत घातले आणि किती बाहेर आले, ते मोजा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा सोडा.

हा उपाय कोठे करू नये, तेही ऐका. वाटेत नळाचे माप लहान होत असेल, मध्ये बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल किंवा खार दगडासारखा घट्ट धरला असेल, तर गोळा सोडू नका. तो अडकला तर मोटारीचा जोर वाढवत बसू नका. मोटार बंद करा आणि शक्य असेल तर उलट बाजूने पाणी देऊन तो मागे आणा.

आणि बंधूंनो, एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो. हवेच्या कॉम्प्रेसरने गोळा कधीही ढकलू नका. दाबलेली हवा बंदुकीच्या बारासारखी असते. पीव्हीसी नळ फुटला तर त्याचे तुकडे माणसाचा डोळा फोडतील, जीवही घेतील. गोळा बाहेर येणाऱ्या तोंडासमोर कुणी उभे राहू नये, लेकरांना तर तेथे फिरकूही देऊ नये.

ठिबकच्या बारीक नळ्या

ठिबकच्या नळीत गोळा जात नाही. तिची साफसफाई निराळी. फिल्टर हा तिचा दरवान. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहा. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला, की फिल्टर लगेच धुवा. उपनळीचा फ्लश व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा उघडा. नळ्यांची शेवटची टोके चार-चार, पाच-पाच अशी उघडून धुवा. सगळी एकदम उघडली तर जोर राहत नाही. १६ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला सुमारे तीन लिटर पाणी आले पाहिजे. एक लिटरचा तांब्या वीस सेकंदांत भरला, म्हणजे काम झाले.

ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर आम्लाची प्रक्रिया करावी. आधी १० लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे टाकत जा आणि सामू दाखवणाऱ्या (पीएच) कागदावर सामू ४ येईपर्यंत किती लागले ते मोजा. समजा १० मिलिलिटर लागले. तुमच्या संचातून तासाला १०,००० लिटर पाणी जाते आणि तुम्ही पंधरा मिनिटे आम्ल सोडणार. म्हणजे पाणी २,५०० लिटर आणि आम्ल अडीच लिटर. ते व्हेंच्युरीतून सोडा, संच २४ तास बंद ठेवा आणि मग टोके उघडून धुवा.

शेवाळ आणि बुळबुळीत थराला ब्लीचिंग पावडर. २,५०० लिटर पाण्याला ताजी पावडर सुमारे १५० ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून निवळू द्या आणि वरची निवळीच वापरा. खाली बसलेला चुना नळ्यांत गेला, तर रोगापेक्षा औषध वाईट व्हायचे. ही निवळी सोडल्यावरही संच एक दिवस बंद ठेवून मग धुवावा.

जिवाची काळजी

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि श्वास कोंडतो. दोन्ही प्रक्रिया करायच्या तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये संच भरपूर धुऊन करा. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. अंगावर उडाले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धूत धूतच दवाखाना गाठा. आम्ल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. विहिरीचे पाणी पिण्याला असेल, तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट चालतो का ते आधी पाहा. नाहीतर आम्ल उलटे विहिरीत जाईल. धुलाईचे पाणी गुरांच्या हौदात पडू देऊ नका.

वेळ कोणती?

नवरात्रात राणीसावरगावला रेणुकादेवीच्या दर्शनाला गर्दी होते. त्याच दिवसांत खंडेनवमी येते, आणि पुढे रब्बीच्या पाण्याची घाई सुरू होते. अवजारे धुतो त्याच दिवशी पाइपलाइनही धुऊन काढावी, हे बरे. दुसरी धुलाई उन्हाळी पाण्याच्या आधी, शिमग्याच्या सुमारास करावी. उन्हाळ्यात लाइन बंद पडली, तर दुरुस्तीला चार दिवस लागतात आणि तेवढ्यात भाजीपाला माना टाकतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पिंपाचे आणि गेजचे माप भिंतीवर लिहा.
२. घाण कोणती ते ओळखून साधन निवडा.
३. पंधरा दिवसांतून एकदा धुलाईचे तोंड उघडा.
४. फोमचा गोळा पाण्याने ढकला, हवेने कधीही नाही.
५. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका.
६. उघड्या तोंडांना टोपी बसवा, बेडूक-पाचोळा शिरणार नाही.

काही अडचण वाटली तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जाऊन विचारा. जाताना पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन जा. पाणी किती जड आहे हे कळले, की पुढचा सल्ला नेमका मिळतो.