छप्पर कोणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



विवाहावाचून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचा विषय निघाला की चर्चा संस्कार आणि स्वैराचार या दोन शब्दांवर येऊन थांबते. असे जोडपे विभक्त झाले तर राहते घर कोणाचे, आणि बाहेर पडणाऱ्याला दुसरे घर मिळते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कुटुंबाचा विचार करणाऱ्यांनी तो आधी विचारावयास हवा. कारण बाहेर पडते ती बहुधा स्त्री, आणि अनेकदा तिच्या कडेवर मूल असते.

हा विषय केवळ महानगरांतील सुखवस्तू तरुणांचा नव्हे. झारखंडमधील मुंडा, उराँव, हो या वनवासी समाजांत गावजेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून विधीवाचून वर्षानुवर्षे संसार करणारी जोडपी आहेत. त्यांना ‘ढुकू’ म्हणतात. त्या स्त्रीला गाव विवाहिता मानत नाही आणि जमिनीवर तिचा हक्क चालत नाही. तिच्या वाट्याला हे आले ते स्वैराचारामुळे नव्हे, दारिद्र्यामुळे.

कायदा काय म्हणतो? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. घर तिच्या नावावर नसले तरी तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. छळ सिद्ध झाल्यास न्यायालय पर्यायी निवासाचा आदेशही देऊ शकते. परंतु निवास म्हणजे मालकी नव्हे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात अटी घातल्या : दोघे विवाहास कायद्याने पात्र हवेत आणि समाजात पती-पत्नीप्रमाणे दीर्घकाळ राहिलेले हवेत. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असूनही त्याच्यासह राहणाऱ्या स्त्रीला हे संरक्षण मिळत नाही, असे २०१३ च्या इंद्रा सरमा प्रकरणात ठरले.

मालकीचा प्रश्न अधिक कठोर आहे. घर त्याचे, ज्याचे नाव खरेदीखतावर. दहा वर्षे घरखर्च तिने चालविला आणि हप्ते त्याने भरले, तर कागद हप्त्यांचीच साक्ष देतो. तिने स्वतःच्या पैशातून घर त्याच्या नावे घेतले असेल, तर संकट दुहेरी. बेनामी व्यवहारविरोधी कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतरही पती, पत्नी व अपत्ये यांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला सूट आहे. अविवाहित जोडीदाराला ती नाही. घटस्फोटितेलाही पतीच्या घरात आपोआप निम्मा वाटा मिळत नाही, हे खरे. मात्र तिला पोटगी मागता येते, आणि विधवा ही हिंदू वारसा कायद्यानुसार पहिल्या वर्गाची वारस असते. जोडीदार ही वारसच नव्हे.

आता शासकीय घरकुलांकडे पाहावे. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनात एका झोपडीला एक सदनिका मिळते, आणि ती झोपडीधारक व त्याची पत्नी किंवा पती यांच्या संयुक्त मालकीची मानली जाते. गावी विवाहिता पत्नी असेल, तर झोपडीत संसार केलेल्या दुसरीचे नाव कोठेच बसत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही अट. एखादीचे नाव जोडीदाराबरोबर घराच्या कागदावर असेल आणि तिला तेथून बाहेर पडावे लागले, तर पायाखाली जमीन नसताना कागदोपत्री ती घरमालकीण ठरते आणि नव्या घरकुलाला अपात्र होते. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा व एकल महिलांना प्राधान्य आहे. पण आपण एकल आहोत हे सिद्ध करणारा घटस्फोटाचा हुकूम अशा स्त्रीजवळ नसतो, कारण विवाहच झालेला नसतो.

मग कर्तव्य कोणते? विवाहाची प्रतिष्ठा उपदेशाने वाढत नाही. अल्पखर्चाचे सामूहिक विवाह घडवून आणावेत आणि प्रत्येक विवाहाची नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार करून घ्यावी. उत्तराखंडाने समान नागरी संहितेत अशा सहजीवनाची नोंदणी अनिवार्य केली आणि सोडून दिलेल्या स्त्रीला निर्वाहाचा दावा करता येईल असे ठरविले; ही संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. जी स्त्री आधीच उघड्यावर पडली आहे, तिला दूषणे देण्यापूर्वी तिच्या पावत्या, बँकेची नोंद, शिधापत्रिका गोळा करावी आणि तिला विधी सेवा प्राधिकरणापर्यंत न्यावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. वस्तीवस्तीत ही माहिती अद्याप पोहोचलेली नाही.

कुटुंबव्यवस्था टिकावी असे म्हणणाऱ्या समाजाची कसोटी कुटुंब मोडते तेव्हाच लागते. तेव्हा आईला आणि लेकराला छप्पर मिळवून देणे हेही कुटुंबरक्षणाचेच कार्य आहे.