भीतीचे वाचन आणि भीतीचे राज्य

(एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या पुस्तकांना पुरोगामी वर्तुळात फारशी प्रतिष्ठा नाही. समीक्षकांनी ‘रंजनपर’ असा शिक्का मारून या पुस्तकांना साहित्याच्या ओसरीवर बसविले. अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्यांनी त्यांना बुद्धिभेद करणारी ठरवून उंबऱ्याबाहेर ठेवले. तथापि कोणत्याही वाचनालयाच्या देवघेव विभागात जाऊन पाने सुटलेली, पुठ्ठा फाटलेली, चिकटपट्टीने सांधलेली पुस्तके कोणती, असे विचारावे. रहस्यकथांच्या शेजारी भयकथा हमखास निघतात. सामान्य वाचक ज्या वाङ्मयाकडे इतक्या ओढीने वळतो, त्याकडे सामान्य माणसाचे नाव घेऊन राजकारण करणाऱ्यांनीच पाठ फिरवावी, ही विसंगती आहे. ती दूर करण्याचा मार्ग या पुस्तकांचे गोडवे गाण्याचा नव्हे. ती डोळे उघडे ठेवून वाचण्याचा आणि त्यांच्याविषयी स्पष्ट लिहिण्याचा आहे.

भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येपासून आश्विनातील लक्ष्मीपूजनापर्यंत सामान्यतः एक चांद्रमास भरतो. एका टोकाला गेलेल्यांचे स्मरण आणि दुसऱ्या टोकाला दिव्यांची ओळ. दिवाळी अंकही याच सुमारास बाजारात येतात. एखाद्या ग्रंथप्रेमीने हा महिना केवळ भयाच्या आणि अद्भुताच्या पुस्तकांना द्यावा, रोज रात्री वाचावे आणि प्रत्येक पुस्तक मिटताच वहीत पानभर परीक्षण लिहावे, अशी कल्पना करा. महिनाअखेर त्या वहीत काय उरेल? चार घटकांचा थरार, की ज्या समाजाने ही भुते निर्माण केली त्याचे काही ज्ञान? परीक्षण प्रामाणिक असेल, तर दुसरेच उरेल.

आरंभीच एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. भयाची गोडी ही विकृत मनाची खूण आहे, असे पुष्कळांना वाटते. भरतमुनींना तसे वाटले नव्हते. नाट्यशास्त्रातील आठ रसांत भयानक आणि अद्भुत हे दोन्ही शृंगार-वीरांच्या पंक्तीला बसले आहेत. वाघ अंगावर येतो तेव्हा माणूस पळतो. रंगमंचावर वाघाचे सोंग येते तेव्हा तोच माणूस जागेवर बसून आपल्याच भीतीकडे पाहतो. या पाहण्यातच रस आहे आणि या पाहण्यातच विवेकाचा अंकुर आहे. ज्या भीतीकडे पाहता येते, तिचा अंमल तितका सैल झालेला असतो.

या महिन्याचा प्रारंभ वेताळपंचविशीने व्हावा, हे उचित. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ही कथामाला आहे आणि मराठी मुलांच्या अनेक पिढ्या तिच्यावर पोसल्या आहेत. राजा प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो आणि प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो. गोष्ट संपताच तो विचारतो: यात न्याय कोणाच्या बाजूने आहे? उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. परीक्षण लिहिणाऱ्याला याहून चांगली दीक्षा मिळणार नाही. गोष्ट ऐकावी आणि तिच्यातील न्याय-अन्यायाचा निवाडा करावा. समजूनही मौन पाळले, तर शिक्षा आहे. आजच्या पुष्कळ ग्रंथपरीक्षणांना हा नियम लावला, तर किती मस्तके शाबूत राहतील, हा प्रश्नच आहे.

मग पहिला निवाडा भुतांच्या जगाचाच करावा लागेल. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणे जमविली होती. १९०९ साली त्यांचा वध झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ते काम पुढे नेले आणि १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागची माहिती बव्हंशी गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरविलेली आहे. त्या नोंदींतली आणि कोकणातल्या आजीच्या तोंडची भुतांची यादी वाचताना भीतीपेक्षा विषाद अधिक वाटतो. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा अकाली मेला की मुंजा होतो. ब्रह्मसमंध अर्थातच ब्राह्मण. देवचार शूद्राचे भूत, आणि खवीस काही नोंदींत हबशाचे. स्त्रियांची वर्गवारी तर याहूनही निर्दय आहे. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लाव, बाळंतपणात मेली तर हडळ. प्रांताप्रांतांत तपशील बदलतात, परंतु तत्त्व बदलत नाही. मरणानेही जात सुटत नाही आणि नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ठरलेली स्त्रीची पायरी चितेवरही जळत नाही.

हडळीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ती पोट सुटत नाही म्हणून, ताप उतरत नाही म्हणून, सुइणीखेरीज कोणी जवळ नव्हते म्हणून मेलेली तरुण स्त्री आहे. तिला वाचविण्यात जो समाज अपुरा पडला, त्याने तिच्या मृत्यूची जबाबदारी स्वीकारण्याऐवजी तिलाच भयाची वस्तू बनविले. भूतकथेत अनेकदा असेच घडते. ज्याच्यावर अन्याय झाला तोच झपाटणारा ठरतो. म्हणून वहीतील प्रत्येक परीक्षणाचा पहिला प्रश्न असा असावा: या पुस्तकातले भूत जिवंतपणी कोण होते, आणि ते कशाने मेले?

भयाकडून अद्भुताकडे वळले, तरी समाज सुटत नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. राजकन्या, कपटी कारभारी, विमाने, अकल्पित योगायोग यांची ही दुनिया आज हास्यास्पद वाटते. परंतु आपल्या विवाहादी रूढींमुळे येथील स्त्रीपुरुषांच्या आयुष्यात कथेला साजेसे काही घडतच नाही, अशा आशयाची कैफियत रिसबूडांनी प्रस्तावनेत मांडली आहे. बालविवाहाच्या समाजात प्रेमकथा लिहायची, तर लेखकाला नकाशावर नसलेल्या राज्यातच जावे लागत होते. अद्भुत हा येथे घुसमटीचा पुरावा आहे. त्याच्या अकरा वर्षे आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये हिंदू विधवांची दैना सरळ मांडली होती. दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात वाचणाऱ्याला कळते की एक जण त्याच भिंतीला धडक देत होता आणि दुसरा तिच्यावर खिडकीचे चित्र काढीत होता.

मराठी भयकथेचा दुसरा वारसा इंग्रजीतून, म्हणजे युरोपातून आला; म्हणून या महिन्याचा एक आठवडा तिकडे द्यावाच लागतो. तेथेही भुते हवेतून आली नाहीत. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या धुळीने पुढल्या वर्षी युरोपचा उन्हाळा हिरावला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या मित्रमंडळींत भुताच्या गोष्टी रचण्याची पैज लागली आणि त्यातून १८१८ साली मेरी शेली यांची ‘फ्रॅंकेन्स्टाईन’ प्रसिद्ध झाली. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या, आणि पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नावही नव्हते. त्या कादंबरीतला राक्षस जन्मतः दुष्ट नाही. निर्माण करणाऱ्याने टाकले आणि समाजाने धुडकावले, म्हणून तो दुष्ट होतो. १८४३ साली चार्ल्स डिकन्स यांनी ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये एका कंजूष सावकाराच्या खोलीत भुते पाठविली ती हिशेब मागण्यासाठी, आणि तो हिशेब कारकुनाच्या तुटपुंज्या पगाराचा व त्याच्या आजारी मुलाचा होता.

या परंपरेपासून समाजवादही अलिप्त राहिला नाही. १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा भुताच्याच प्रतिमेने उघडतो, आणि १८६७ च्या ‘भांडवल’ ग्रंथात मार्क्सने भांडवलाला जिवंत श्रमांवर पोसणाऱ्या रक्तपिपासू पिशाचाची उपमा दिली आहे. ब्रॅम स्टोकर यांचा ‘ड्रॅक्युला’ यायला तेव्हा तीस वर्षे अवकाश होता. शोषणाचे शास्त्र मांडणाऱ्या या पंडिताला भयकथेची भाषा त्याज्य वाटली नाही, मग त्याच्या वाचकांनीच तिचा विटाळ का मानावा?

महिन्याच्या उत्तरार्धात ग्रंथप्रेमी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे येतो. धारप (१९२५–२००८) रसायनतंत्राचे पदवीधर होते. वाडा, तळघर, ओस माळरान यांत हळूहळू दाटणारा काळोख त्यांच्याइतका कोणी उभा केला नाही. त्यांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ आहे, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे, आणि परीक्षणात ते नोंदवायलाच हवे. उसन्या बीजातून येथल्या मातीत काय उगवले, याची चिकित्सा त्यानंतरच करता येते. परंतु खरा आक्षेप निराळा आहे. धारपांच्या अनेक कथांत संकटाचा निरास ‘समर्थ’ नावाचा असामान्य शक्तीचा पुरुष करतो. सामान्य माणसे भेदरतात, हात जोडतात आणि त्राता येण्याची वाट पाहतात. कथेच्या बांधणीला हे सोयीचे असेल. परंतु ज्या देशाच्या राजकारणाला त्रात्याची वाट पाहण्याचे व्यसन जडले आहे, तेथील परीक्षकाने येथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. भय कोणी निवारले, एकट्या अवताराने की भ्यालेल्यांनी एकत्र येऊन? हा वहीतला दुसरा प्रश्न.

मतकरींची (१९३८–२०२०) गूढकथा भुताला मध्यमवर्गीय घरातल्या माणसांच्या मनात आणून बसविते. तेथे पिशाचापेक्षा माणसाचा लोभ, मत्सर आणि अपराधाची टोचणी अधिक भयंकर असते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की याच लेखणीने ‘अलबत्या गलबत्या’सारखे चेटकिणीचे बालनाट्य लिहिले आणि १९७८ साली दलितांवरील अत्याचाराचे ‘लोककथा ७८’ हे नाटकही लिहिले. पुढे हेच मतकरी नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभे राहिले, ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांना ‘वंचितांचा रंगमंच’ देण्यासाठी झटले. गूढकथेने त्यांची सामाजिक जाणीव बोथट केली नाही. भीती कशी निर्माण होते हे ज्याने शंभर गोष्टींत पारखले, त्याला गावगुंडाने निर्माण केलेली भीतीही ओळखता आली, असेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

येथे या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येतो. भीती दोन प्रकारची असते. एक माणूस स्वेच्छेने पत्करतो. पुस्तक मिटले की ती मिटते. दुसरी त्याच्यावर लादली जाते. तिचे पुस्तक दुसऱ्याच्या हातात असते, आणि ते मिटू नये यात कोणाचा तरी हितसंबंध गुंतलेला असतो. सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांत एखाद्या स्त्रीला डाकीण ठरविले जाते, तेव्हा पुष्कळदा त्यामागे भाऊबंदकी असते, जमिनीचा तुकडा असतो, एकट्या बाईचा ताठ कणा असतो. बालनाट्यातील चेटकीण पाहून मुले किंचाळतात आणि लगेच हसतात. पाड्यावरच्या ‘डाकिणी’ला मात्र पडदा पडण्याची सोय नसते.

या लादलेल्या भीतीविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, यांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. येथे भुताची गोष्ट गुन्हा ठरलेली नाही. त्या गोष्टीच्या आडून माणसावर केलेला अत्याचार गुन्हा ठरला आहे. कायद्याने केलेला हा भेद पुरोगाम्यांनीही करायला शिकावे.

कल्पनाशक्ती आणि चिकित्सा ही वैरिणी नव्हेत, याची साक्ष डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी दिली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली. न घडलेल्या गोष्टी रंगविणारा हाच लेखक पुढे, २००८ च्या सुमारास, दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची कसोटी घ्यायला बसला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखा, असे आव्हान सत्तावीस ज्योतिष्यांनी स्वीकारले. त्यांची सरासरी शेकडा ४६ च्या आसपास राहिली. नाणे उडवूनही इतके साधले असते. कल्पित लिहिणाऱ्याला कल्पित काय आणि वस्तुस्थिती काय याची सीमा नेमकी ठाऊक असते. भोंदूचा सारा धंदा ती सीमा पुसण्यावर चालतो. म्हणून वहीतला तिसरा प्रश्न: हे पुस्तक वाचकाला कल्पिताची सीमा विसरायला लावते, की ओलांडून पुन्हा परत आणते?

हे तीन प्रश्न विचारण्यासाठी विद्वत्तेची गरज नाही. कोणत्याही वाचनालयाला एक टेबल, एक कोरी वही आणि आठवड्याची एक संध्याकाळ देता येईल. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार, अंगणवाडी सेविका, अकरावीतला विद्यार्थी यांनी वाचलेल्या भयकथेवर त्या वहीत पानभर लिहावे आणि ते इतरांसमोर मोठ्याने वाचावे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री लोकांना स्मशानात नेतात आणि भूत नाही हे दाखवितात. त्या उपक्रमाला वाचनालयाची ही जोड हवी, कारण स्मशानात केवळ भूत नसल्याचे कळते. भूत कोणी निर्माण केले, ते कोणाचे होते आणि त्याच्या नावावर कोणाचे घर चालले, हे मात्र पुस्तके वाचून, वाद घालूनच कळेल.

येत्या सर्वपित्री अमावास्येला अशी एक वही या वाचनालयात उघडली जावी. लक्ष्मीपूजनापर्यंत तिची निम्मी पाने भरली, तरी पणत्यांच्या उजेडात वाचण्यासारखे काहीतरी हाती लागेल.